विमान कोणतं हे नंतर, उडतात किती हे आधी विचारा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बारावीनंतर पायलट व्हायला काय काय लागतं, मेडिकल कुठलं, पेपर कोणते, हे लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आली ती जवळपास सगळी एकाच गोष्टीवर, की शिकायचं कोणत्या विमानावर. नागपूर आणि आजूबाजूच्या वाचकांची चार पत्रं इथं घेतली आहेत, नावं त्यांच्याच सांगण्यावरून छापली नाहीत.

प्रश्न : मुलगा बारावी झाला, पायलटच बनतो म्हणून राहिला. दोन शाळा पाहून आलो. एका ठिकाणी सेसना १५२ आहेत, जुन्या, आतमध्ये घड्याळासारखे काटे, फी कमी. दुसरीकडे डायमंड डीए४० आहे, मोठमोठे स्क्रीन, जॉयस्टिक, ते म्हणतात एअरबसमध्ये पण असंच असते त्यामुळे नोकरी लवकर लागते. दोन्हीच्या फीमध्ये सात-आठ लाखांचा फरक आहे. गावाकडची शेती विकून पैसे भरणार आहो, म्हणून विचारतो, कोणतं विमान चांगलं? – एक वडील, मानेवाडा

उत्तर : भाऊ, शेती विकून भरताय म्हणून आडवळण न घेता सांगतो, मॉडेलचं नाव हा या सगळ्यात शेवटून पहिला मुद्दा आहे. कमर्शिअल लायसन्ससाठी डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, २०० तास मागते, त्यातले १०० तास मुलगा स्वतः कमांडमध्ये, म्हणजे विमानाची जबाबदारी त्याच्यावर, असला पाहिजे, २० तास क्रॉस कंट्री (एका विमानतळावरून दुसरीकडे) आणि त्यात एक ३०० नॉटिकल मैलांची फेरी, रात्रीचे ५ तास, इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडण्याचे, १० तास. हे १५२ वर केले काय अन् डीए४० वर केले काय, लॉगबुकात तास म्हणजे तासच लिहिला जातो.

मग खरा फरक कुठं पडतो ते बघा. समजा शाळेत ६० मुलं आहेत, म्हणजे त्यांना एकूण १२,००० तास उडवायचे आहेत. शाळा दाखवताना रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करतात तिथं, १० विमानं दाखवतात, पण त्यातलं एकाचं इंजिन उतरवलेलं असतं, एकाचा पार्ट बाहेरून यायचा असतो, एकाचे कागद अडकलेले असतात, खरी उडणारी ६. पावसाळा, थंडीतलं सकाळचं धुकं, मेंटेनन्सचे दिवस सगळं वजा करून एक विमान वर्षातले २५० दिवस रोज ४ तास उडलं असं धरा (आणि हे मी चांगलंच धरतोय) तर सहा विमानांचे वर्षाला ६,००० तास होतात. म्हणजे सगळ्यांचं संपायला दोन वर्षं. आणि ब्रोशरमध्ये लिहिलेलं असतं १४ महिने! मधले जे महिने मुलगा खोलीत बसून काढतो त्याचं खोलीभाडं, मेस, वरून परीक्षांची मुदत, आणि सगळ्यात वाईट म्हणजे हात सुटतो, तीन आठवडे उडला नाही की लँडिंगचा अंदाज बिघडतो आणि मग चेक फ्लाइट पुन्हा, त्याचे पैसे पुन्हा. सात-आठ लाखांचा फरक असा कुठल्या कुठं जातो.

म्हणून परत जा, आणि शक्यतो न कळवता जा. सकाळी सहाला पोचा. किती विमानं बाहेर ढकलली, किती उडाली ते स्वतः पाहा. ऑफिसमध्ये एवढंच विचारा की आज किती विमानं सर्व्हिसेबल, म्हणजे उडण्याजोगी, आहेत, १०० तासांचं इन्स्पेक्शन इथंच होतं का विमान दुसरीकडे न्यावं लागतं, इंजिनिअर शाळेचा स्वतःचा आहे का बोलावलेला. मग बाहेर चहाच्या टपरीवर जी मुलं भेटतील त्यांना नीट विचारा, गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले, लॉगबुक दाखवतोस का. मुलं खरं सांगतात. डीजीसीएने २०२५ पासून ट्रेनिंग स्कूलांचं रँकिंग काढायला सुरुवात केली आहे तेही बघून घ्या, पण टपरीवरची चौकशी चुकवू नका.

आता जुन्या विमानाबद्दल. सेसना १५२ चं उत्पादन १९८५ ला बंद झालं, म्हणजे तुम्ही पाहिलेलं सगळ्यात "नवं" १५२ सुद्धा चाळिशीचं आहे. त्याला घाबरायचं कारण नाही. विमानाचं वय वर्षांत कमी आणि तासांत, कागदात जास्त मोजतात. त्याच्या इंजिनाचं ओव्हरहॉल, म्हणजे सगळं उघडून पुन्हा बांधणं, उत्पादकाच्या हिशोबाने २,४०० तासांनी येतं, तर या इंजिनाचे ओव्हरहॉलनंतर किती तास झालेत हे विचारा, लॉगबुक उघडून दाखवणारी शाळा चांगली, "ते सगळं आम्ही बघतो" म्हणणारी शाळा मला आवडत नाही.

एअरबसवाला मुद्दा तर सोडूनच द्या. डीए४० मध्ये दोन पायांच्या मध्ये दांडा असतो जो सरळ दांड्या-केबलने पंखांना जोडलेला असतो, एअरबस ए३२० मध्ये बाजूला छोटी साइडस्टिक असते आणि मध्ये कॉम्प्युटर बसलेले असतात, हाताला दोन्ही वेगळं लागतं. एअरलाइनमध्ये गेल्यावर टाइप रेटिंग, म्हणजे त्या ठरावीक विमानाचं वेगळं ट्रेनिंग, सिम्युलेटरवर होतंच होतं. नोकरी देताना बघतात ते लेखी परीक्षा, सिम्युलेटर चेक, इंटरव्ह्यू. कोणत्या सिंगल इंजिनवर शिकला म्हणून कोणाला नोकरी लागली असं मी तरी पाहिलं नाही.

दोन्ही शाळा सारख्याच उडत असतील तर मात्र माझं मत स्पष्ट आहे, पहिले ५०-६० तास काट्यांच्या विमानावर व्हावेत, १५२ किंवा त्याहून मोठं, चार सीटचं सेसना १७२. स्क्रीनवाल्या विमानात, बहुतेक गार्मिन कंपनीचा जी१००० असतो, डावीकडच्या स्क्रीनवर वेग, उंची, दिशा सगळं रंगीत दिसतं आणि नवं पोरगं त्या स्क्रीनमध्येच डोळे घालून बसतं, बाहेर क्षितिज आहे हेच विसरतं. सर्किटमध्ये, म्हणजे विमानतळाभोवतीच्या फेरीत, उजवीकडून दुसरं विमान येतंय हे स्क्रीन नेहमी सांगत नाही. मी अशा वेळी चार्टची घडी स्क्रीनवर ठेवून झाकून टाकतो आणि म्हणतो आता नाक क्षितिजाच्या किती खाली आहे ते बघून उडव. पहिल्या दिवशी घाम फुटतो, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी हाताला वेग कळायला लागतो. शिवाय १५२ मध्ये मिक्श्चर स्वतः ओढून हवा-पेट्रोलचं प्रमाण लावावं लागतं, कार्ब्युरेटर हीट लावावी लागते, पाय सतत रडरवर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी पेडलं) लागतो. डीए४० च्या डिझेल मॉडेलमध्ये एकच लिव्हर, बाकी कॉम्प्युटर बघतो, उडवायला सोपं आहे पण इंजिन म्हणजे काय हे त्यात कमी कळतं. आणखी एक, १५२ मुद्दाम स्पिनमध्ये (पंखाची उचल जाऊन गरगरत खाली येणं) घालून बाहेर काढता येतं, त्याला त्याची मान्यता आहे, डीए४० ला नाही. स्पिन एकदा डोळ्यांनी पाहिलेला मुलगा उतरण्याआधीच्या शेवटच्या, बेस ते फायनलच्या वळणावर वेग कधी कमी होऊ देत नाही.

पण उलटं झालं, म्हणजे १५२ वाली शाळा रिकामी बसलेली आणि डायमंडवाली रोज उडतेय, तर डोळे झाकून डायमंडकडे जा.

प्रश्न : माझं वजन ९२ किलो आहे. शाळेतले सर म्हणतात उन्हाळ्यात आपण दोघं १५२ मध्ये बसलो तर विमान चढायला मागत नाही, तू १७२ घे. १७२ चा तासाचा रेट जास्त आहे. हे खरं आहे का पैसे काढायचा प्रकार आहे? – विद्यार्थी, हिंगणा रोड

उत्तर : मित्रा, सर बरोबर सांगून राहिले, पण कारण पूर्ण समजून घे कारण हे तुझ्या पेपरातही येणार आणि मे महिन्यात अंगावरही.

आपला नागपूरचा सोनेगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण १,०३० फुटांवर आहे. या उंचीवर स्टँडर्ड तापमान धरतात १३ डिग्री. आपल्याकडे मे मध्ये दुपारी ४५, म्हणजे ३२ डिग्री जास्त, एका डिग्रीला साधारण १२० फूट या हिशोबाने ३,८०० फूट वाढले, उन्हाळ्यात हवेचा दाबही कमी असतो त्याचे दोन-अडीचशे आणखी. बेरीज केली की डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवा जितकी पातळ त्या हिशोबाची उंची, ५,००० फुटांच्या वर जाते. चाकं सोनेगावच्या रनवेवर आहेत पण पंखाला, प्रोपेलरला आणि इंजिनाला हवा मिळते जवळपास कळसूबाईच्या माथ्यावरची. पातळ हवा, इंजिनाची ताकद कमी, प्रोपेलरची पकड कमी, पंखाची उचल कमी, तिन्ही एकदम.

१५२ चं इंजिन ११० हॉर्सपॉवरचं. पुस्तकात चढाईचा वेग दिलाय मिनिटाला ७१५ फूट, तो समुद्रसपाटीवर, थंड हवेत, नव्या इंजिनाचा. आपल्या मे मध्ये तो पाचशेच्या आसपास येतो आणि विमान जुनं असेल तर त्याच्याही खाली.

आता वजन मांड. १५२ चं कमाल वजन ७५७ किलो. रेडिओ वगैरे धरून रिकामं विमान समजा ५३० (तुझ्या विमानाचा खरा आकडा त्याच्या वेट शीटवर असतो, तोच घ्यायचा). उरले २२७. तू ९२, सर ८० धर, झाले १७२, उरले ५५ किलो, म्हणजे ७५ लिटरच्या आसपास ॲव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल. तासाला साधारण २३ लिटर जातं, तर सर्किटसाठी भरपूर झालं. म्हणजे नियमात तू बसतोस, पण विमान काठोकाठ भरलेलं आहे आणि हवा कळसूबाईची.

१७२ चं गंमतीचं म्हणजे, पुस्तकातला चढाईचा आकडा बघशील तर ७३० फूट, १५२ पेक्षा फार काही जास्त नाही. मग फायदा कुठला? तो आकडा चार माणसं भरून आहे. १७२ एसचं कमाल वजन १,१५७ किलो, रिकामं ७६० च्या आसपास, त्यात तुम्ही दोघं आणि १०० लिटर पेट्रोल घातलं तरी १,००५ च्या जवळ, कमाल वजनापेक्षा दीडशे किलो हलकं आणि पुढे १८० हॉर्सपॉवर. म्हणून ते चढतं. शाळेला विचारून घे की तुमचं १७२ कोणतं, आर मॉडेल असेल तर १६० हॉर्सपॉवर, एस असेल तर १८०, रेट सारखा लावत असतील तर एस माग.

सोनेगावचा रनवे ३,२०० मीटरचा आहे, तिथं जागा कमी पडत नाही. कमी पडते ती चढाई, आणि क्रॉस कंट्रीला लहान धावपट्टीवर उतरलास की मग जागासुद्धा. म्हणून माझा सल्ला असा की नोव्हेंबर ते फेब्रुवारी १५२ वर जेवढे तास निघतील तेवढे काढ, पैसे वाचव. एप्रिलपासून सकाळी सहा ते साडेआठचाच स्लॉट माग, आणि सरांसोबतचं उडणं १७२ वर ठेव. सोलो, म्हणजे एकटा, जाशील तेव्हा ८० किलो उतरलेले असतात, तेव्हा १५२ सकाळी मजेत चढतं.

एक गोष्ट १७२ ची उन्हाळ्यात त्रास देते ती आत्ताच सांगून ठेवतो. त्याचं इंजिन फ्युएल इंजेक्टेड आहे, आधीच्या मुलाने बंद केलं आणि तू वीस मिनिटांनी रणरणत्या उन्हात चालू करायला गेलास की बॉनेटखालच्या नळ्यांमध्ये पेट्रोलची वाफ झालेली असते, स्टार्टर फिरतो, इंजिन दोन ठोके देतं आणि मरतं. घाबरून पंप चालू ठेवून पेट्रोल ओतत बसू नको, त्याने इंजिन फ्लड होतं आणि बॅटरी बसते. हॉट स्टार्टची पद्धत मॅन्युअलमध्ये वेगळी दिलेली आहे, ती पाठ असली पाहिजे, वाचत बसायला वेळ नसतो.

प्रश्न : माझी उंची ५ फूट १ इंच आहे. मैत्रिणी म्हणतात पाय पोचणार नाहीत. कोणत्या विमानात मला जमेल? – विद्यार्थिनी, महाल

उत्तर : बेटा, जमतं, तुझ्याएवढ्या उंचीच्या मुली व्यवस्थित उडवतात. फी भरायच्या आधी फक्त एक काम कर, शाळेत जाऊन विमानात बसून बघ, त्याला कोणी नाही म्हणत नाही आणि म्हटलं तर ती शाळा आपल्यासाठी नाही. बसल्यावर दोन गोष्टी तपासायच्या. रडर पेडल पूर्ण शेवटपर्यंत दाबलं जातं का, दोन्ही बाजूंना, आणि ते दाबताना चुकून ब्रेक तर लागत नाही ना, आणि हवा तेव्हा पायाच्या पुढच्या भागाने ब्रेक दाबता येतो का. आणि डोळे समोरच्या डॅशबोर्डच्या वर येतात का, कारण लँडिंगला शेवटच्या क्षणी नाक वर येतं आणि बुटक्या बसणाऱ्याला रनवेच दिसेनासा होतो.

डीए४० मध्ये सीट जागेवर पक्की असते आणि पेडल पुढेमागे सरकतात, पाय पोचायला ते सोयीचं, पण उंची हवी असेल तर उशीच लागणार. १७२ च्या नव्या मॉडेलात सीट पुढे-मागे आणि वर-खाली दोन्ही होते, तुझ्यासाठी मला तेच सगळ्यात बरं वाटतं. १५२ मध्ये बहुतेकांना पाठीमागे आणि खाली उशी घ्यावी लागते. उशी घेतलीस तर कडक घे, मऊ फोमची दबते आणि प्रत्येक लँडिंगला नजर वेगळी पडते, आणि एकच उशी शेवटपर्यंत वापर.

आणि सेसनामध्ये सीट सरकवल्यावर पुढेमागे जोरात हिसका देऊन पिन भोकात बसली का ते बघायचंच. पिन बसलेली नसेल तर टेकऑफला नाक वर गेलं की सीट सर्रकन मागे जाते आणि माणूस आधाराला हातातलं कंट्रोल ओढतो. यातून जीवघेणे अपघात झालेले आहेत. उंच मुलांची सीट आधीच मागे असते, तुझी अगदी पुढे असणार, म्हणजे मागे सरकायला जागाही जास्त, म्हणून तुला जास्त बजावून सांगतोय.

प्रश्न : आमची शिक्षण संस्था आहे. विदर्भात पायलट ट्रेनिंग सुरू करावं असा संचालक मंडळाचा विचार आहे. मंडळात दोन गट आहेत, एक म्हणतो वेगवेगळी चार-पाच प्रकारची विमानं घ्या म्हणजे जाहिरात चांगली होते, दुसरा म्हणतो डिझेलची घ्या, पेट्रोल परवडणार नाही. आपलं मत? हंसाचाही विषय निघाला होता. – संस्थेचे पदाधिकारी, अमरावती रोड

उत्तर : साहेब, पहिल्या गटाला कृपया थांबवा. सिंगल इंजिनचा एक प्रकार आणि ट्विनचा, म्हणजे दोन इंजिनांचा, एक, याच्या पलीकडे सुरुवातीला जाऊ नका. प्रत्येक नव्या प्रकारासोबत वेगळे टायर, वेगळे फिल्टर, वेगळं मॅन्युअल, त्या प्रकारावर सही करू शकणारा इंजिनिअर आणि त्यावर शिकवणारा इन्स्ट्रक्टर लागतो. एकाच प्रकारची आठ विमानं असली तर आज बंद पडलेल्या विमानाचा विद्यार्थी शेजारच्या विमानात बसून उडून जातो, पाच प्रकारची आठ असली तर तो घरी जातो. मोठे लोक कसं घेतात ते बघा, एअर इंडियाने अमरावतीच्या बेलोऱ्याच्या अकादमीसाठी ३४ विमानं ठरवली त्यात ३१ सिंगल इंजिन सगळी पायपर कंपनीची आणि ३ ट्विन डायमंडची. गोंदियाला बिरशीच्या संस्थेत डीए४० आणि त्याच घरातलं ट्विन डीए४२. जाहिरात छान दिसावी म्हणून कोणी घेतलेलं नाही.

इंधनाचा मुद्दा मात्र दुसऱ्या गटाचा खरा आहे. सेसना आणि पायपरच्या नेहमीच्या मॉडेलांना ॲव्हगॅस १०० एलएल लागतं, ते महाग आहे आणि प्रत्येक विमानतळावर मिळत नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षं ते बाहेरूनच येत होतं, इंडियन ऑइलने २०२२ मध्ये वडोदऱ्याच्या रिफायनरीतून देशी ॲव्हगॅस काढायला सुरुवात केली तेव्हा थोडं हायसं वाटलं. तरी ड्रम मागवा, साठवा, परवानग्या घ्या हे तुमच्याच मागे. डिझेल इंजिनाच्या डायमंडला जेट ए-१ चालतं, ते जिथं एअरलाइनचं विमान उतरतं तिथं मिळतं, आणि तासाला लागतंही कमी, १७२ ला तीस-पस्तीस लिटर लागतं तिथं डिझेलचं डीए४० एनजी वीस-बावीसमध्ये भागवतं. हजारो तासांवर हा फरक फार मोठा होतो. पण इंजिन महाग, त्याचा कॉम्प्युटर तपासायला खास सॉफ्टवेअर आणि तसा शिकलेला माणूस लागतो, गल्लीतला अनुभवी मेकॅनिक इथं चालत नाही. शिवाय बॉडी कंपोझिटची, म्हणजे धातूची नव्हे तर फायबरची, तिला विदर्भाच्या उन्हात दिवसभर उघड्यावर ठेवू नका, या विमानांना पांढरा रंग देतात तो उष्णतेसाठीच. वरची काचेची कॅनोपी मे मध्ये रॅम्पवर भट्टी होते, मुलं आत बसायच्या आधीच थकतात. सेसनाचा पंख वर असल्याने निदान सावली तरी मिळते. शेडचा खर्च विमानाच्या किमतीतच धरा.

हंसाबद्दल मला मनापासून आपुलकी आहे. बंगळुरूच्या एनएएलने (नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज) बनवलेलं, १९९३ ला पहिल्यांदा उडालेलं आपलं विमान, आणि नव्या एनजी मॉडेलने २०२१ मध्ये पहिलं उड्डाण केलं. रोटॅक्स इंजिन पेट्रोल कमी खातं. दोन सीटचं हलकं ट्रेनर म्हणून कल्पना अगदी योग्य आहे. पण संस्था म्हणून पैसे गुंतवताना एकच प्रश्न विचारा, पार्ट मागितला तर किती दिवसांत हातात पडेल, आणि हे लेखी घ्या. तेवढं लेखी मिळालं तर मी आनंदाने हंसा घ्या म्हणेन.

शेवटचं, सिंगल पेट्रोलची आणि ट्विन डिझेलची असं मिश्रण झालं तर इंधन भरण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावा. ॲव्हगॅसचा रंग निळसर, जेट ए-१ जवळपास बिनरंगी. पेट्रोलच्या इंजिनात जेट गेलं तर नळीत उरलेल्या पेट्रोलवर ते चालू होतं, टॅक्सी होतं, टेकऑफसुद्धा होतं, आणि मग बंद पडतं. दोन्हींचे बाउझर (इंधनाचे टँकर) वेगळे, नोझल वेगळ्या आकाराचे, टाकीच्या झाकणाजवळ ठळक स्टिकर, आणि इंधन भरताना विद्यार्थी स्वतः तिथं उभा. भरून झाल्यावर टाकीच्या तळातून छोट्या कपात थोडं काढून उजेडासमोर धरायचं, निळं आहे का बघायचं, तळाशी पाण्याचा थेंब गोळा झालाय का बघायचं, वास घ्यायचा. याची सही टेक लॉगमध्ये (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत) असल्याशिवाय कोणतंही विमान जागचं हलणार नाही असा नियम करा, आणि तो संचालकांच्या मुलालाही लावा.